उन्हाळी हंगामी फुलझाडें व घरचें सांडपाणी

शेतकऱ्यानें घरापुढें फुलझाडें लावावींत काय, असा प्रश्न केला तर दहांपैकीं नऊ जण "अवश्य लावावींत" असें म्हणतील. परंतु "चैत्र-वैशाखांत लावावींत काय?" असें विचारतांच तेच नऊ जण मान हलवितील. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. ज्या दिवसांत विहिरींनीं तळ गांठलेला असतो व गुरांना पाणी दाखवितांना बादल्या मोजाव्या लागतात, त्या दिवसांत फुलांना पाणी घालणारा मनुष्य गांवांत चेष्टेचा विषय होतो. आणि पुष्कळदां तो तसा व्हावा हेंच योग्य असतें.

तथापि गेल्या चार उन्हाळ्यांच्या अनुभवावरून आम्हांस असें दिसून आलें आहे कीं, दोष फुलझाडांचा नसून लावणाराच्या हिशेबाचा असतो. कोणतीं झाडें, केव्हां व किती लावावयाचीं, हें घरांतून रोज वाहून जाणाऱ्या पाण्याच्या मापानें ठरविलें, तर विहिरीच्या एका थेंबासही हात न लावतां भर वैशाखांत अंगण फुललेलें ठेवतां येतें. ही गोष्ट कशी साधते, तें आमच्या बागायतदार बंधूंपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हिशेबाविना केलेली लागवड

सन २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून रेल्वेनें पाणी न्यावें लागलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. त्या सालीं आम्ही महसूल खात्याच्या नोकरींत असून टँकरच्या खेपांची नोंदवही आमचेकडे होती. दिवसभर त्या खेपा मांडून सायंकाळीं घरीं परतलों म्हणजे फुलें, बाग वगैरे शब्दही कानांस नकोसे वाटत. परंतु एके दिवशीं न्हाणीच्या पन्हाळीखालीं झिनियाचीं पांच-सहा झाडें लाल-गुलाबी फुलांनीं भरलेलीं दिसलीं. पाण्याचा अपव्यय होत आहे असें वाटून आम्हीं रागानेंच चौकशी केली. तेव्हां "मागच्या सालचीं वाळलेलीं फुलें तेथें झटकलीं होतीं; न्हाणीचें पाणी एरवीं गटारांतच जातें," एवढेंच उत्तर कुटुंबाकडून मिळालें. त्या उत्तरांतील मर्म ध्यानीं येण्यास आम्हांस पुढें बरींच वर्षें लागलीं.

कारण स्वेच्छेनें निवृत्ति घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यांत आम्हीं जी बाग केली, ती या धड्याच्या अगदीं उलट होती. हाताशीं वेळ होता, म्हणून चैत्राच्या मध्यावर सहा वाफे ओढले, शहरांतील एका दुकानांतून बियांच्या पुड्या आणल्या, आणि मोटर लावून रोज दुपारीं वाफे भिजविले. निम्मीं रोपें उगवल्यावर आठवड्याच्या आंत कोलमडलीं. उरलेल्यांपैकीं बरींच वैशाखाच्या झळांनीं करपलीं. 'दुहेरी झिनिया' म्हणून घेतलेल्या पुडींतून एकेरी फुलें निघालीं. ज्येष्ठाच्या आरंभीं विहिरीचें पाणी हातभर अधिक खालीं गेलेलें पाहून आम्हीं वाफ्यांचें पाणी बंद केलें व सर्व सोडून दिलें. शेजारचे आप्पा म्हणाले, "अण्णा, सरकारी दप्तर चोख ठेवलेंत, पण बागेची जमाबंदी चुकली." तें अक्षरशः खरें होतें.

पाण्याचें माप

तहसील कचेरींत पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवण्याचें काम आम्हीं अनेक वर्षें केलें आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हें त्या कामांत अंगवळणीं पडलेलें सूत्र येथें उपयोगीं पडलें.

१० फूट लांब व ४ फूट रुंद अशा वाफ्याचें क्षेत्र ४० चौरस फूट, म्हणजे सुमारें पावणेचार चौरस मीटर भरतें. वैशाखांत देशावर आच्छादन घातलेल्या वाफ्यांतून रोज साधारण ६ ते ७ मिलिमीटर पाणी उडून जातें व झाडें शोषून घेतात, असें धरल्यास एका वाफ्यास रोज सुमारें २५ लिटर, अथवा दिवसाआड ५० लिटर पाणी लागेल. आतां घराकडे पाहूं. पांच माणसांच्या घरांत दर माणशीं १५ लिटरची एक बादली धरली, तरी स्नानाचें पाणी रोज ७५ लिटर निघतें. त्यांपैकीं कांहीं वाटेंत मुरतें व कांहीं सांडतें, म्हणून आम्ही ५० लिटरच जमेस धरतों. यावरून पांच माणसांचें घर दोन वाफे पोसूं शकतें हें उघड होतें. तिसऱ्या वाफ्यास विहिरीचें पाणी द्यावें लागेल; सबब तिसरा वाफा करूं नये. आमच्या सर्व लेखाचें सार वाचकांनीं या एका वाक्यांत आहे असें समजावें.

हें पाणी फुलांसच कां द्यावें, अशी शंका येईल. तर स्नानाचें पाणी कोथिंबीर, मेथी, मुळा असल्या कच्च्या खाण्याच्या अगर जमिनीलगतच्या भाज्यांस देणें आरोग्याच्या दृष्टीनें इष्ट नाहीं. फुलांस तें देण्यास ही अडचण नाहीं. शिवाय हेंच पाणी दाराशीं सांचलें म्हणजे डांस होतात व चिखल माजतो. तो उपद्रवही आपोआप टळतो.

मात्र तीन गोष्टी संभाळाव्या. पहिली, न्हाणीचें पाणी दगडगोटे व वाळू घातलेल्या लहानशा खड्ड्यांतून गाळून एका पिंपांत घ्यावें व त्याच दिवशीं वापरावें. सांठवून ठेविल्यास त्यास दुर्गंधी सुटते. दुसरी, कपडे धुण्याच्या सोड्याचें अगर धुलाईच्या भुकटीचें पाणी त्यांत मिसळूं देऊं नये. त्यांतील क्षारांनीं काळी जमीन चिकण व घट्ट होते. तिसरी, पंधरा दिवसांतून एकदां तरी वाफ्यास स्वच्छ पाणी द्यावें, म्हणजे सांचलेले क्षार खालीं उतरतात. मातीवर पांढरी खार दिसूं लागली, तर हें पाणी आठवड्यानें द्यावें. एवढें एकच पाणी बाहेरून घ्यावें लागतें, व तेंही घरांतील भांड्यांच्या विसळणाचें जमवितां येतें.

झाडांची निवड

उन्हाळ्यांत टिकणारीं बहुतेक हंगामी फुलझाडें मूळचीं अमेरिका खंडांतील उष्ण व कोरड्या मुलखांतून आलेलीं आहेत. झिनिया व झेंडू मेक्सिकोकडचे, गलांडा उत्तर अमेरिकेंतील, तर चिनी गुलाब दक्षिण अमेरिकेंतील. ऊन त्यांस परकें नाहीं. त्यांस मारक होतो तो पाण्याचा निचरा नसणें व अवेळीं केलेली लागवड, हे दोन दोष.

झिनिया हें उन्हाळ्याचें पहिलें झाड. अठराव्या शतकांत जर्मनींतील गॉटिंगेन येथें झिन (१७२७–१७५९) या नांवाचा शरीरशास्त्राचा अध्यापक होऊन गेला. त्याच्या नांवावरून यास हें नांव पडलें. बीं पेरल्यापासून साधारण ५५ ते ६० दिवसांत फुलें येतात, तीं झाडावर बरेच दिवस टिकतात, व तोडून पाण्यांत ठेविलीं तरी आठवडाभर शोभा देतात. उंच जातींस एक फुटाचें अंतर पुरतें.

गलांडा हें आमच्या मतें शेतकऱ्याचें खरें फूल होय. यासही एका फ्रेंच न्यायाधिकाऱ्याचें, गॅलार्डचें, नांव मिळालेलें आहे. हलकी, मुरमाड जमीन, थोडें पाणी व कडक ऊन यांतही हें झाड फुलत राहतें. उन्हाळ्यांत झेंडू दुर्मिळ होतो, तेव्हां हारांसाठीं व लग्नाच्या मांडवांसाठीं गलांड्याचीच फुलें उपयोगीं पडतात. मात्र फुलें येण्यास ८० ते ९० दिवस लागत असल्यामुळें त्याचें बीं आधीं टाकावें लागतें. अंतर सव्वा फूट ठेवावें. फार खत घातल्यास तें नुसतेंच पानांनीं माजतें.

चिनी गुलाब, ज्यास कित्येक जण 'ऑफिसटाइम' म्हणतात, तें वाफ्याच्या कडेस अर्ध्या फुटावर लावावें. त्याचीं पानें जाड व रसाळ असून त्यांत पाणी सांठलेलें असतें, म्हणून एकाद-दुसरी पाळी चुकली तरी तें दगावत नाहीं. फुलें ऊन चढल्यावर उमलतात व दुपारनंतर मिटतात. तुटलेली फांदी मातींत खोंचली तरी लागते.

पिवळा व नारिंगी कॉसमॉस उन्हास चांगला टिकतो व सुमारें ५० दिवसांत फुलूं लागतो. सूर्यफूल मागच्या ओळीस, विशेषतः पश्चिमेच्या अंगास लावावें, म्हणजे दुपारची झळ व वारा तें अडवितें. बटणासारख्या गोल फुलांचा गोम्फ्रीना वाळल्यावरही रंग टिकवितो, म्हणून तोरणासाठीं उपयोगाचा आहे.

झेंडूविषयीं मात्र वाचकांनीं भ्रमांत राहूं नये. मोठ्या गोंड्याचा झेंडू कडक उन्हांत लहान व विरळ फुलें देतो. तो दसरा-दिवाळीस भरून येतो तसा अक्षय्य तृतीयेस येईल अशी आशा करूं नये. लहान, तांबूस-पिवळ्या फुलांचा बुटका झेंडू त्या मानानें बरा. दोन वाफ्यांच्या बागेंत एक ओळ झेंडूची पुरे.

काल

लागवडीचा काल साधणें म्हणजे अर्धें काम साधणें होय. उन्हाळी झाडें उन्हाळ्यांत लावावयाचीं नसतात. तीं थंडी सरतां सरतां लावून उन्हाळा येईपावेतों मुळें खोल जाऊं द्यावयाचीं असतात. आमच्या पहिल्या वर्षाच्या नाशाचें मुख्य कारण हेंच होतें.

आम्ही सणांवर लक्ष ठेवतों, म्हणजे विसर पडत नाहीं. गलांडा व झेंडू यांचें बीं रथसप्तमीस टाकावें. झिनिया, कॉसमॉस, चिनी गुलाब व सूर्यफूल यांचें बीं महाशिवरात्रीच्या सुमारास टाकावें. सर्व रोपें गुढीपाडव्याच्या आंत कायम जागीं लागलीं पाहिजेत. असें केल्यास अक्षय्य तृतीयेस, म्हणजे लग्नसराईच्या भरांत, घरचीं फुलें मिळूं लागतात व मृगाचा पाऊस पडेपर्यंत टिकतात. अधिक मास आलेल्या वर्षीं तिथींवर न विसंबतां फेब्रुवारीचा पहिला व दुसरा पंधरवडा अनुक्रमें धरावा. पाडवा उलटल्यावर कोणी हौसेनें रोपें आणून दिलीं, तरी तीं लावण्याच्या भरीस पडूं नये.

जमीन व वाफे

जागा अशी असावी कीं जेथें निदान सहा तास ऊन मिळेल, परंतु दुपारनंतर घराची अगर झाडाची थोडी सांवली येईल. मोठ्या झाडाच्या अगदीं बुंध्याशीं वाफा करूं नये, कारण आपण घातलेलें पाणी त्याचीं मुळें ओढून घेतात.

काळी जमीन वाळली म्हणजे भेगाळते व भिजली म्हणजे चिखल होते. अशा जमिनींत एक हात खोल खणून दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलें शेणखत व एक भाग वाळू अगर बारीक मुरूम मिसळावा. तांबड्या व मुरमाड जमिनींत मुरूम न घालतां शेणखत थोडें अधिक घालावें. शेणखत अर्धवट कुजलेलें असल्यास हुमणी व वाळवी यांचा उपद्रव होतो, म्हणून गेल्या सालच्या उकिरड्याच्या तळचें खत घ्यावें. गलांडा व चिनी गुलाब यांच्या भागांत खत निम्मेंच घालावें.

पावसाळ्यांत गादीवाफा करतात. उन्हाळ्यांत त्याच्या उलट वाफा जमिनीच्या पातळीपेक्षां दोन-तीन इंच खोल ठेवून भोंवतीं वरंबा घालावा, म्हणजे घातलेलें पाणी आंतच राहतें.

रोपें तयार करणें

झिनिया, कॉसमॉस व सूर्यफूल यांचें बीं कायम जागींच टोंकावें हें उत्तम. त्यांचीं मुळें हलविलेलीं सोसत नाहींत. एका जागीं दोन बिया पाव ते अर्धा इंच खोल टाकाव्या व उगवल्यावर एक सशक्त रोप ठेवून दुसरें खुडून टाकावें.

गलांडा, झेंडू, गोम्फ्रीना व चिनी गुलाब यांचीं रोपें आधीं कुंडींत अगर खोक्यांत करावींत. बारीक बीं चौपट कोरड्या वाळूंत मिसळून विरळ पेरावें. वर अगदीं पातळ थर चाळलेल्या मातीचा द्यावा. चिनी गुलाबाचें बीं तर नुसतें मातीवर दाबलें तरी पुरे. पाणी झारीनें अगर ओल्या गोणपाटानें द्यावें, पाटानें देऊं नये. मुंग्या बीं उचलून नेतात, म्हणून खोक्याभोंवतीं चुलींतील राखेची रेघ ओढावी.

दाट पेरणी, सतत ओल व कोंदट हवा या तीन कारणांनीं रोपें जमिनीशीं कुजून कोलमडतात. यास औषध शोधीत बसण्यापेक्षां विरळ पेरावें, माती थोडी सुकूं द्यावी व सकाळचें ऊन लागूं द्यावें. आमचीं पहिल्या वर्षीं गेलेलीं रोपें तहानेनें मेलीं असें आम्ही समजत होतों व अधिक पाणी घालीत होतों. वस्तुतः तीं पाण्यानेंच मेलीं होतीं.

चार ते सहा पानें आलीं म्हणजे रोपें हलविण्यास योग्य झालीं. त्यापूर्वीं तीन-चार दिवस पाणी कमी करावें, म्हणजे तीं काटक होतात. लागवड सूर्य कलल्यावर करावी, मुळांस मातीचा गड्डा राहूं द्यावा, व पहिले चार-पांच दिवस दुपारीं कडब्याच्या पेंढीची अगर तुरकाठ्यांची सांवली करावी.

पाणी देणें व आच्छादन

स्नानें सकाळीं होतात, हें येथें सोयीचेंच आहे. सकाळीं नऊच्या आंत पाणी देऊन मोकळें व्हावें. दुपारच्या उन्हांत दिलेलें पाणी मुळांशीं पोहोंचण्यापूर्वीं बरेंचसें उडून जातें. पाणी तांब्यानें झाडाच्या बुडाशीं द्यावें, पानांवर ओतूं नये. झिनियाचीं पानें वारंवार भिजलीं म्हणजे त्यांवर डाग व रोग येतात.

रोज थोडें शिंपडण्यापेक्षां दिवसाआड भरपूर द्यावें. रोजच्या शिंपडण्यानें वरचा इंचभर थर भिजतो, मुळें तेथेंच राहतात, आणि एकाच दिवसाच्या उन्हानें भाजून निघतात. दोन वाफे असल्यास आज एकास व उद्यां दुसऱ्यास पाणी द्यावें. घरच्या पाण्याच्या रोजच्या मापाशीं हें बरोबर जुळतें. शंका आल्यास बोट दोन इंच मातींत खुपसून पाहावें. ओल लागली तर त्या दिवशीं पाणी देऊं नये. दुपारीं पानें माना टाकतात हें पाहून घाबरूं नये. सायंकाळीं तीं पुन्हां ताठ झालीं तर झाड ठीक आहे असें समजावें. सकाळींही पानें मलूल दिसलीं तरच पाणी कमी पडत आहे.

रोपें वीतभर झाल्यावर उसाचें पाचट, पालापाचोळा अगर भुसकट यांचें दोन इंच जाड आच्छादन घालावें. वर काढलेला पाण्याचा हिशेब आच्छादन गृहीत धरूनच आहे. उघड्या मातीस तें पाणी पुरणार नाहीं. आच्छादन झाडाच्या दांड्यास लावूं नये, तीन-चार बोटें जागा सोडावी, व मधून मधून तें उचलून वाळवी लागली आहे काय, हें पाहावें.

शेंडे खुडणें व फुलें तोडणें

झिनिया, कॉसमॉस व झेंडू हीं झाडें वीतभर वाढलीं म्हणजे त्यांचा शेंडा खुडावा. हात धजत नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु न खुडलेलें झाड सरळ वर जाऊन एक-दोन फुलें देतें, आणि खुडलेल्या झाडास चार-सहा फांद्या फुटून त्या प्रत्येकीवर फुलें येतात. पहिलें फूल आठ-दहा दिवस उशीरा येतें, तेवढेंच नुकसान. सूर्यफूल व चिनी गुलाब यांस मात्र खुडूं नये.

त्याहून महत्त्वाचें काम म्हणजे सुकलेलें फूल झाडावर न ठेवणें. या झाडांचें आयुष्य एका हंगामाचें असतें व त्यांचा सर्व खटाटोप बियांसाठीं असतो. एकदां बीं धरलें कीं झाडाच्या दृष्टीनें वर्षाची वसुली पुरी झाली. मग तें नवीं फुलें कशास काढील? म्हणून दर तीन-चार दिवसांनीं सुकतीं फुलें देंठासह तोडावींत. देवासाठीं, हारासाठीं व शेजारच्या लग्नासाठीं फुलें मोकळ्या हातानें द्यावींत. दिल्यानें फुलें वाढतात, असें हें एक विरळा धन आहे. एक महिन्यानंतर झाडें थकलेलीं दिसल्यास प्रत्येकास मूठभर कुजलेलें खत देऊन पाणी द्यावें.

रोग व कीड

कोरड्या हवेंत झेंडूवर लाल कोळी पडतात. पानें धुरकट होतात व शेंड्याशीं बारीक जाळीं दिसतात. सकाळीं पानांच्या खालच्या अंगास जोरानें पाणी मारून तीं तीन-चार दिवस लागोपाठ धुवावींत. बहुतेकदां एवढ्यानेंच काम होतें. गंधकाची भुकटी कडक उन्हांत वापरूं नये; पानें भाजतात.

मावा व पांढरी माशी यांसाठीं निंबोळ्यांची ५० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून व चिमूटभर साबण घालून सायंकाळीं फवारावी. झिनियाचीं पानें गुंडाळून जाड व आंखूड झालीं, तर तो पांढऱ्या माशीनें आणलेला रोग होय. त्यास उपाय नाहीं. झाड उपटून जाळावें, एकाच्या मोहानें वाफा गमावूं नये. शेळ्या व कोंबड्या या दोन शत्रूंसाठीं बाभळीच्या कांट्यांच्या कुंपणाहून चांगलें औषध आम्हांस सांपडलेलें नाहीं.

शेतास होणारा उपयोग

इतका वेळ आम्हीं अंगणाविषयींच लिहिलें. परंतु या झाडांचा शेतासही उपयोग आहे. टोमॅटोच्या फळांत शिरणारी घाटेअळी ज्या पतंगापासून होते, त्यास झेंडूवर अंडीं घालणें अधिक आवडतें. म्हणून टोमॅटोच्या दर १६ ओळींमागें एक ओळ उंच झेंडूची लावावी, अशी शिफारस बागायती पिकांच्या संशोधकांनीं केलेली आहे. त्यांत खुबी अशी कीं, टोमॅटोचें रोप २५ दिवसांचें असतां झेंडूचें रोप सुमारें ४५ दिवसांचें पाहिजे, म्हणजे दोन्ही एकाच वेळीं फुलावर येतात. झेंडूवरील अंडीं व अळ्या मात्र वेंचून नष्ट केल्या पाहिजेत, नाहीं तर आपणच किडीची पैदास केली असें होईल.

मुळांवर गांठी आणणाऱ्या सूत्रकृमींसही झेंडू आवर घालतो. त्याच्या जिवंत मुळांत गंधकयुक्त द्रव्य असतें, तें या कृमींस बाधक होतें. परंतु बांधावर चार झाडें लावून हा गुण येत नाहीं. त्या जमिनींत दोन-तीन महिने झेंडूचें दाट पीकच असावें लागतें.

याखेरीज वैशाखांत रानें उघडीं पडतात, तेव्हां मधमाश्यांस चारा उरत नाहीं. काकडी, कलिंगड, दोडका यांच्या मादी फुलांस फळ धरण्यासाठीं मधमाशीच लागते. विहिरीलगत उन्हाळी वेलवर्गीय पीक असेल, तर अंगणांतील एकेरी झिनिया, कॉसमॉस व सूर्यफूल माश्यांस जवळपास टिकवून धरतात. यासाठीं आम्ही आतां एकेरी झिनियाही मुद्दाम राखतों. ज्या पुडीविषयीं आम्ही पहिल्या वर्षीं चरफडलों, तिचा असा उपयोग निघाला.

बियाणें

दर वर्षीं पुड्या विकत घेण्याचें कारण नाहीं. ज्येष्ठाच्या आरंभीं, पावसापूर्वीं, प्रत्येक जातीच्या दोन-तीन उत्तम झाडांवरील फुलें तोडणें बंद करावें व तीं तेथेंच पूर्ण वाळूं द्यावींत. बीं सांवलींत आठवडाभर सुकवून, थोडी कोरडी राख मिसळून कांचेच्या बाटलींत भरावें, व बाटलीवर जात आणि साल लिहावें. माश्यांमुळें जातींचा संकर होतो, म्हणून रंग थोडे बदलतील; त्याची खंत करूं नये. मात्र संकरित म्हणून विकलेल्या बियांचें पुढील पीक मुळासारखें येत नाहीं. त्यांचें बीं धरणें व्यर्थ होय.

दुष्काळाच्या सालीं काय करावें

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. ज्या सालीं गांवास टँकरचें पाणी येतें, त्या सालीं घरांतील स्नानाचें पाणीही दर माणशीं अर्ध्या बादलीवर येतें. त्या सालीं दोनांऐवजीं एकच वाफा करावा, व त्यांत गलांडा आणि चिनी गुलाबच लावावें. गुरांस धुण्यास अगर आंब्याची नवीं कलमें जगविण्यास तें पाणी लागत असेल, तर पहिला हक्क त्यांचा. फुलांनीं हंगामापुरतें थांबावें. हंगामी झाडाचा हाच मोठा गुण आहे. आंब्याचें कलम गेलें तर पांच वर्षें गेलीं. झिनिया गेली तर बाटलींतील बीं पुढच्या शिवरात्रीस तयारच असतें.

आमच्या नोंदवहींत या वर्षींचे दोन वाफे, त्यांस दिवसाआड मिळालेलें पाणी व तोडलेलीं फुलें मांडलेलीं आहेत. विहिरीच्या रकान्यांत चारही महिने शून्य आहे. आप्पांच्या नातीच्या लग्नांत मांडवाचीं फुलें आमच्या व त्यांच्या अशा दोन अंगणांतून गेलीं, आणि ज्यांनीं आमची जमाबंदी चुकल्याचें सांगितलें होतें, तेच आतां न्हाणीच्या पन्हाळीखालीं तिसरा वाफा करावा कीं काय, असें विचारीत आहेत. त्यांस आम्हीं त्यांच्या घरचीं माणसें मोजावयास सांगितलें आहे.